दहावीच्या पोरांना रात्री कॉफी कशी पाजावी

परवा ताईकडे गेलो होतो. भाचीची प्रिलिम चालू, रात्रीचे साडेदहा, पोरगी टेबलाशी आणि समोर कॉफीचा मग, दुसरा. मी नुसतं बघितलं तर ताई म्हणाली, अरे बोर्डाचं वर्ष आहे, झोपून कसं चालेल. पटलं मला. म्हणून तमाम पालकांसाठी या काही टिप्स.

कॉफी द्यायची ती रात्री दहानंतरच. कॅफिन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे पहाटे तीनलाही अर्धं रक्तात फिरत असतं. पोरगं एक वाजता आडवं होऊन पंख्याकडे बघत बसलं की आपण म्हणायचं, मोबाईलमुळे होतं हे सगळं.

चमचे मोजू नका. मुलांना दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठीक, असं युरोपातले तज्ज्ञ म्हणतात, पण त्यांना कुठे दहावीची बोर्डाची परीक्षा असते? आणि संध्याकाळचा चहा, कोला, चॉकलेट हे तर धरायचंच नसतं.

आता मेन मुद्दा, झोप. दिवसभर मेंदू राबतो तसं त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या सीटवर जाऊन बसलं की मेंदूला कळतं, चला, आता झोपा. कॅफिन काय करतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं त्या सीटा अडवून ठेवतं. थकवा कुठे जात नाही हो, तो दारात लोंबकळत उभाच असतो, रुमाल उचलला की सगळे एकदम आत. आणि दिवसभर घोकलेलं पक्कं होतं ते झोपेत, म्हणजे जास्त अभ्यास व्हावा म्हणून आपण झालेला अभ्यासच पुसतोय, वर क्लासचे सर पालकसभेत सांगणार की झोप हा विद्यार्थ्याचा शत्रू आहे, आणि आपण माना डोलावणार, फी भरलीये ना!

जेवणावर लगेच कॉफी द्या, पालेभाजीतलं लोह अंगी लागून करायचंय काय.

छातीत धडधडलं तर "टेन्शन घेऊ नकोस" म्हणा.

रविवारी कॉफी चुकली आणि डोकं धरून बसली तर चष्म्याचा नंबर तपासून आणा.

भूमितीच्या पेपरला भाचीचा हात इतका थरथरत होता की कंपास सटकत होता. एक अख्खी रचना सोडून आली. म्हणाली, "मामा, येत होतं रे सगळं, डोकंच चालेना." आणि ताई काय म्हणाली? उद्यापासून जरा कडक करते.

कडक? अगं पंधरा वर्षांची पोर आहे ती, डिझेलचा पंप नाही! चाळीस मार्कांच्या पेपरासाठी तिची रात्र खाताय तुम्ही, आणि वर शेजारी कौतुक सांगताय, आमची दोनपर्यंत बसते म्हणून. लाज वाटू दे जरा. आज दहाला तिच्या खोलीतला दिवा बंद कर ताई, आणि तो कॉफीचा डबा माझ्याकडे पाठव. मी संपवतो. सकाळी.