सोप्पु

गेल्या जूनमध्ये मी बँकेतून निवृत्त झालो आणि पुढच्याच आठवड्यात बंगळूरचा भाचा एक खोकं घेऊन बेळगावात टिळकवाडीला हजर झाला. आत बारा भोकांच्या झाकणाचा टब, तेवढीच जाळीदार भांडी, नारळाच्या काथ्याच्या वड्या, हवेचा पंप, खताच्या दोन बाटल्या, पेनासारखे दोन पिवळे मीटर आणि एक लांबट एलईडी दिवा. "मामा, मातीशिवाय शेती. घरबसल्या सॅलड," असं म्हणून त्याने माडीवरच्या खोलीत सगळं जोडून दिलं आणि रात्रीच्या बसने परत गेला. लग्न लावणारे भटजीसुद्धा निदान जेवायला थांबतात.

सहा भोकांत लेट्यूस लावलं, सहांत धणे रगडून टाकले. लेट्यूस हा भाच्याचा हट्ट, कोथिंबीर हा बायकोचा. मला कुणी विचारलं नव्हतं.

आमचं मूळ घराणं निपाणीकडचं, तंबाखू करणारं. त्या शेतीतून सुटायचं म्हणूनच मी बँकेच्या परीक्षा दिल्या होत्या. पण तिथे निदान ऊन सूर्य द्यायचा, पाऊस आभाळ द्यायचं आणि दोन्ही चुकले की शिव्या द्यायला देव होता. माडीवरच्या खोलीत सूर्य मीच, पाऊस मीच, वारा मीच, आणि जमिनीत गांडूळ जे करतं तेही मीच. शिव्या द्यायला कुणी नाही. पहाटे पाचला टायमर सूर्य उगववायचा आणि रात्री नऊला मावळवायचा. लेट्यूसला सोळा तास उजेड पुरतो म्हणे. मी मात्र सोळाच्या सोळा तास जागा.

सुरुवात पाण्यापासून झाली. परसात विहीर आहे. तिच्या पाण्यात तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्या होईपर्यंत दाद देत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी फुकटचं म्हणून तेच टबात भरलं. मीटर बुडवला तर पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, 8.1. जितका कमी तितकं पाणी आंबट. पाहिजे साडेपाच ते साडेसहा. मग नळाचं पाणी भरलं. राकसकोप धरणाचं पाणी म्हणजे मार्कंडेय नदीचं, पावसाचं, मऊ. मीटर 7.3 वर उतरला. बायको म्हणाली, "आंबटच करायचं तर लिंबू पिळा की." पिळलं. संध्याकाळी 5.8. मी खूश. तिसऱ्या दिवशी पुन्हा सातच्या वर. लिंबातलं आम्ल पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा वर चढतो, हे नंतर कळलं. म्हणजे तीन दिवस मी झाडांना नाही, जिवाणूंना सरबत पाजत होतो. शेवटी फॉस्फोरिक आम्लाची बाटली मागवली. ती थेंबाथेंबाने घालायला एक सिरिंज आणली, सुई काढलेली. या सिरिंजचं पुढे काय होणार आहे ते येईलच.

हातात मीटर असला की माणूस गप्प बसत नाही. मी चहा मोजला, सोलकढी मोजली, शेजारच्या अण्णांनी कौतुकाने दिलेला गोमूत्र अर्कही मोजला. दूध 6.6 आलं. म्हणजे आमच्या घरात लेट्यूसला साधारण मानवेल असं एकच द्रव होतं आणि ते बायको त्याला देणार नव्हती.

दोन बाटल्यांचीही एक गंमत. एकीवर ए, दुसरीवर बी. दोन्ही टबात घालायच्या, पण एकमेकींत ओतायच्या नाहीत. एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दाट असताना भेटल्या की पांढरा गाळ होऊन तळाला बसतात आणि झाडाच्या हाती काही लागत नाही. मला हे माहीत नव्हतं. वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही एका तांब्यात कालवून ठेवल्या होत्या. सकाळी तांब्याच्या तळाशी भिंतीला द्यायचा चुना. आमच्या मोठ्या काकू आणि धाकट्या काकूंचं असंच होतं. एका वाड्यात चालायचं, एका चुलीवर नाही.

पंधराव्या दिवशी लेट्यूसची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी फोनवर विचारलं, असं का होतं? आणि इथून माझ्या आयुष्याला वळण लागलं. उत्तरं देणारे सगळे गांजावाले.

खोटं नाही सांगत. पाण्यावर, दिव्याखाली, बंद खोलीत झाड कसं जगवायचं याबद्दल जगात कुणी जीव तोडून लिहिलं असेल तर ते या लोकांनी. कॅनडात 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात. ते लोक त्या चार झाडांची पानं भिंग लावून बघतात, फोटो काढतात, रात्र रात्र चर्चा करतात. आमच्याकडे पोटच्या पोराच्या प्रगतीपुस्तकाकडे कुणी इतकं बघत नाही. एकाने लिहिलं होतं, पीएच चढला की लोह पाण्यात असूनही मुळाला घेता येत नाही, म्हणून नवी पानं पिवळी. तंतोतंत माझंच दुखणं! मी मनोमन त्याला नमस्कार केला. त्यांचं रोप अठरा तास उजेडात वाढतं आणि बारा तासांवर आणलं की फुलावर येतं, हेही त्या नादात कळून गेलं. मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने परवान्याशिवाय गांजाचं एक रोप लावणंसुद्धा गुन्हा आहे. पण फोनला हे कोण सांगणार? आठवड्याभरात फोन मला काळे तंबू, वास शोषणारी गाळणी आणि चाकूपेक्षा धारदार कात्र्या दाखवायला लागला. आधी तो मला गुडघ्याचे पट्टे दाखवायचा.

जुलैत पाऊस खोऱ्याने ओतत होता. पाणी आपोआप बावीस अंशांवर राहिलं. तेवढं एक काम निसर्गाने स्वतःकडे ठेवलं, नाहीतर तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं कुजतात. पण लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या. कॅल्शियम कमी म्हणून मी ए बाटली वाढवली. आणखी जळाल्या. मग उलगडा झाला. कॅल्शियम पानापर्यंत पाण्याबरोबर चढतं आणि पाणी चढायचं तर पानातून वाफ निघायला हवी. जुलैतल्या बेळगावात वाफ निघणार कुठे? इथे दोरीवरची बनियन चार दिवस वाळत नाही. टबात कॅल्शियम भरपूर होतं, ते वर जात नव्हतं. मग मी त्यांच्यासाठी टेबलफॅन लावला. बायको खालून म्हणाली, "मला स्वयंपाकघरात फॅन मागून नऊ वर्षं झाली."

ऑगस्टमध्ये एका रात्री दोन वाजता करंट गेला. मला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. हवेच्या पंपाची ती बारीक घूंऽऽ इतकी सवयीची झाली होती की ती थांबल्यावर कुणी गेल्यासारखं वाटलं. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही, हवा नाही म्हणजे मुळांचा श्वास कोंडला. मी टॉर्च घेऊन वर गेलो, झाकण अलगद उचललं. खाली पांढरी शुभ्र मुळं, हातशेवया दोरीवर टाकाव्यात तशी. काय करावं सुचेना. मग सुचलं. खाली जाऊन आईची ताक घुसळायची रवी आणली आणि टबाच्या रिकाम्या कोपऱ्यात, मुळांना लागणार नाही अशी, घुसळत बसलो. पाण्यावर बुडबुडे आले. दहा मिनिटं घुसळायचं, दहा मिनिटं दम खायचा. तिसऱ्या फेरीला दारात बायको उभी.

"अहो, काय करायलाय हे?"

"हवा घालतोय."

ती काही बोलली नाही. खाली जाऊन झोपली. सकाळी बंगळूरला फोन करून भाच्याला बरंच काही बोलली.

तात्या, म्हणजे निपाणीचे माझे धाकटे चुलते, श्रावणात येऊन गेले. आयुष्यभर काळ्या मातीत तंबाखू केलेला माणूस. वर येऊन टब बघितला, झाकण बोटाने ठोकलं.

"आरं बाळ्या, माती कुठंय?"

मी त्यांना कॅलिफोर्नियाच्या प्रोफेसर गेरिक यांची गोष्ट सांगितली. 1930 च्या दशकात त्यांनी टाकीतल्या पाण्यावर टोमॅटोचे वेल पंचवीस फूट वाढवले, तोडायला शिडी लावावी लागायची. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि दर काय मिळाला?"

मला माहीत नव्हतं. तात्यांनी मान हलवली. पण त्यांची नजर शेतकऱ्याचीच. कोथिंबिरीचं एक पान उलटं केलं आणि म्हणाले, "मावा हाय ह्यो." पानाच्या पोटाशी हिरवे कण, मोहरीपेक्षा बारीक, हलणारे. बंद खोलीत, माडीवर, मातीशिवाय, मावा! तो कुठून आला ते मला आजही कळलेलं नाही. पाहुणे न बोलावता येतात तसा. तात्यांनी पिशवीतून पुडी काढली, "तंबाखूचा काढा मार, सकाळी एक दिसणार न्हाई," म्हणाले आणि पाचच्या गाडीने गेले.

मी भक्तिभावाने काढा उकळला. निपाणीच्या तंबाखूचा वास असा की तो भिंतीआड राहत नाही. गल्लीत पसरला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला. काढा गार होईपर्यंत चाळा म्हणून फोनवर वाचलं तर निकोटीन हे जबर विष, खायच्या पानांवर मारायचंच नाही. सगळा काढा गटारात ओतला. वास आणखी दोन दिवस राहिला. मावा शेवटी साबणाच्या पाण्याने, पानापानाला बोट लावून मीच पुसला.

आता रस्त्यावरून आमचं घर कसं दिसत होतं ते बघा. झाडांना मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश लागतो, म्हणून त्या दिव्यात तेच दोन रंग. दोन्ही मिळून गडद जांभळं. पावसाळी संध्याकाळी अख्खी खिडकी जांभळी. समोरच्या वहिनींना आधी वाटलं आम्ही वर नवं देवघर केलं. मग वाटलं सुनेसाठी ब्यूटी पार्लर. मला सून नाही हे आठवल्यावर त्या गप्प झाल्या आणि खिडकीत जास्त वेळ उभ्या राहायला लागल्या. त्यात हा वास. त्यात पहाटे पाचला उजळणारी खोली आणि मध्यरात्री टॉर्च घेऊन फिरणारा निवृत्त माणूस. पोलिसांना कुणी कळवलं ते मी शोधलं नाही. गल्लीत अकरा घरं आहेत आणि अकरांकडेही मला गणपतीला जायचं असतं.

रविवारी सकाळी साध्या कपड्यांतला एक तरुण हवालदार आला. विजापूरकडची खणखणीत कन्नड. "म्याल एन ऐत्री?" वर काय आहे?

माझी कन्नड बँकेतली. सही, ठेव, व्याज आणि "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, एवढ्यावर माझी पस्तीस वर्षं निघाली. पालेभाजीला कन्नडमध्ये सोप्पु म्हणतात हे मात्र बाजारामुळे पक्कं ठाऊक. मी हसून म्हणालो, "सोप्पु री, सोप्पु."

त्याचा चेहराच पालटला. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. कन्नड पेपरात रोज कुठे ना कुठे पकडला जातो त्यालाही सोप्पुच म्हणतात. गांजा सोप्पु. आणि मी दारात उभं राहून, हसत, दोनदा सांगितलं होतं.

तो वर आला. जांभळा उजेड. टायमर. ए आणि बी लिहिलेल्या बाटल्या. सिरिंज. शेजारी माझी वही, त्यात रोजची तारीख आणि "40, 40, 5.9" असे आकडे, बँकेच्या वळणाने लिहिलेले. मी त्याला कौतुकाने सगळं दाखवायला लागलो आणि माझा फोन पुढे केला, कुठून शिकलो ते कळावं म्हणून. फोनवर कात्री होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वाकून त्याने एक पान चिमटीत घेतलं, चुरगळलं, नाकाशी नेलं.

"कोत्तंबरी!"

लॉटरीचं तिकीट एका आकड्याने हुकावं तसा तो बोलला. मग लेट्यूसकडे बोट केलं. "इदु?" मी त्याला एक पान तोडून दिलं. त्याने चावलं, थांबला, पुन्हा चावलं.

"रुचि इल्ल."

चव नाही. दोन महिने घरात जे कुणी तोंडावर बोललं नव्हतं ते सरकारने येऊन सांगितलं.

मग तो खरंच चौकशी करायला लागला. पंपाला करंट किती, बाटली किती दिवस पुरते, डब्याचे किती? खोकं 6800 रुपयांचं, हे भाच्याकडून मी काढून घेतलं होतं. त्याने बोटांवर हिशेब केला, बोटं संपली, सोडून दिला. एवढ्यात बायको पोह्यांच्या बश्या घेऊन वर आली. वर ओलं खोबरं आणि हिरवीगार कोथिंबीर, सढळ हाताने पेरलेली. हवालदाराने बशीतल्या कोथिंबिरीकडे बघितलं, टबाकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या.

"छे हो," बायको म्हणाली, "ती कापू देतायत कुठं हे? ही बाजारची. दहाला पेंडी."