नाळेतल्या रक्तातून कॅन्सरमारक पेशी बनतात, पण त्यासाठी खासगी बँकेत पैसे भरू नका

गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास अनेक जोडप्यांच्या फोनवर एक मेसेज फिरत फिरत येतो. बाळाच्या नाळेतल्या आणि वारेतल्या रक्तापासून गाठी मारणाऱ्या पेशी तयार होतात हे आता सिद्ध झालंय; ते रक्त खासगी बँकेत ठेवा, म्हणजे पुढे बाळाला, आईवडिलांना किंवा आजीआजोबांना कॅन्सर झाला तरी इलाज घरचाच असेल, असा त्याचा मतितार्थ. त्यातला पहिला भाग बराचसा खरा असल्यामुळे उरलेलाही लोकांना पटतो.

आधी ‘सिद्ध झालंय’ पाहू. या विषयावरचं सर्वांत गाजलेलं काम ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. केटी रेझवानी आणि सहकाऱ्यांनी केलं. नाळ कापल्यावर तिच्यात आणि वारेत जे रक्त उरतं, ते साधारण कपभरच असतं. त्यातल्या नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या काढतात. त्या कोवळ्या असतात, संख्येनेही अपुऱ्या. म्हणून वाढ थांबवलेल्या खास पोषक पेशींसोबत त्यांना सुमारे दोन आठवडे वाढवतात. मधल्या काळात विषाणूच्या मदतीने त्यांच्यात जनुकं घालतात. त्यामुळे त्या बी पेशींवरची (हाही पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) सीडी१९ ही खूण ओळखतात, स्वतःला जगवणारं आयएल-१५ हे प्रथिन स्वतःच बनवतात, आणि काही बिघडलंच तर औषध देऊन त्यांना संपवताही येतं.

२०२० साली या पेशी दिलेल्या ११ रुग्णांचे निष्कर्ष आले. आठ जणांना गुण आला, त्यातल्या सात जणांचा आजार पूर्ण ओसरला, आणि या पेशींमुळे होणारे गंभीर दुष्परिणाम जवळपास दिसलेच नाहीत. मलाही ते वाचून फार आनंद झाला होता. पण काहींना नंतर इतर उपचारही दिले गेले होते. २०२४ मध्ये ३७ रुग्णांचा पुढचा अहवाल आला, त्यात गुण आला जवळपास निम्म्यांना, आणि वर्षभर आजार पुन्हा वाढला नाही असे सुमारे ३२ टक्के. हे सगळे बी पेशींच्या रक्तकॅन्सरचे रुग्ण होते. तोंडाच्या, स्तनाच्या किंवा आतड्याच्या घट्ट गाठीत या पेशी नीट शिरतच नाहीत, आणि शिरल्या तरी तिथे त्या दबून जातात. त्यावर अजून प्रयोगच चालू आहेत.

आता मेसेजचा खरा गाभा: आपलं रक्त आपल्यासाठी. ह्यूस्टनच्या रुग्णांना दिलेल्या पेशी त्यांच्या घरातल्या बाळांच्या नव्हत्या. त्या अनोळखी बाळांच्या रक्तातून बनवल्या होत्या, आणि एचएलए (दाता आणि रुग्ण जुळतात का हे ज्यावरून पाहतात त्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळत नसतानाही त्या चालल्या. परक्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात, एनके पेशींकडून हा धोका फार कमी. म्हणूनच तर नाळेतल्या रक्ताच्या एका पिशवीतून अनेक रुग्णांचे डोस बनवता येतील ही आशा आहे. म्हणजे मेसेज ज्या संशोधनाचा दाखला देतो, तेच संशोधन सांगतं की घरचं रक्त जपायची गरज नाही. हवं आहे ते दान केलेलं, पारखून निवडलेलं रक्त.

पारखून, कारण २०२४ च्या अहवालात आणखी एक गोष्ट आढळली. बाळंतपणानंतर २४ तासांच्या आत गोठवलेल्या आणि केंद्रक असलेल्या लाल पेशी कमी असलेल्या पिशव्यांतून बनवलेल्या पेशींचा परिणाम इतरांपेक्षा कितीतरी चांगला होता. छोट्या शहरातल्या प्रसूतिगृहातून कुरिअरने शेकडो किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत जाणारी तुमची पिशवी या कसोटीला उतरेल, असं हप्ते घेणारं कोण लिहून देतं?

बाळालाच पुढे ल्युकेमिया झाला तर? लहान मुलांच्या अनेक ल्युकेमियांचं पहिलं जनुकीय बीज जन्माआधीच पडलेलं असतं. नवजात बाळांच्या जपून ठेवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांत ते सापडलं आहे. त्याच बाळाच्या नाळेतलं रक्त परत त्यालाच देणं डॉक्टर टाळतात ते यासाठी.

‘टाटामध्ये हे सुरू झालंय’ अशी पुस्तीही कुणी जोडतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेल्या नेक्सकार१९ या रक्तकॅन्सरवरच्या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ती अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्यात रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी वापरतात. नाळेशी त्याचा काही संबंध नाही.

काही पॅकेजांत नाळेचा तुकडा आणि वारही ठेवून देतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगी फक्त नाळेतलं रक्त साठवायला आहे, आणि तेही स्वतःच्या भावी वापरासाठी साठवायला शास्त्रीय आधार नाही असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अपवाद आहे तो घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल तेव्हाचा. १९८८ मध्ये पॅरिसला झालेलं या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपणही बहिणीच्या नाळेतून फॅन्कोनी अॅनिमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलाला केलेलं होतं. तुमच्याकडे असं असेल तर बाळंतपणाआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.

आणि जे मेसेजमध्ये कधीच नसतं ते: पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने चिमटली, तर बाळाच्या वाट्याचं रक्त आणि लोह कमी होतं. किमान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे प्रसूतीच्या डॉक्टरांना नाळ कधी चिमटणार हे आधीच विचारून ठेवा.