चूल चौकोनी चटका देत नाही

आज दुपारी भाचीचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. ती आतल्या खोलीत रडून रडून झोपलीय आणि मी पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून हे लिहितेय. लांबेल, पण आज लिहिणारच आहे.

पोरगी एकोणीसची. पुण्यात शिकते, सुटीत आठ दिवस माझ्याकडे धुळ्याला आलीय. जेवणं झाली, भांडी झाली आणि ही बॅगेतून एक पांढरा खोका काढून आत गेली. थोड्या वेळाने हाक आली, "मावशी, जरा आरसा धरतेस का?" जाऊन बघते तर हातात केस काढायचं मशीन. आयपीएल. 'घरच्या घरी लेसर' म्हणून विकतात ते. आतला पंखा घूं घूं करतोय आणि काच हनुवटीला टेकवलेली.

मी आधी प्लग काढला, मग मशीन तिच्या हातातून ओढून घेतलं आणि ओरडले. नको इतकी ओरडले.

ती म्हणाली, "तुझ्या हनुवटीवर असते ना मावशी, मग कळलं असतं तुला." आणि दार लावून घेतलं.

खरं आहे तिचं. माझ्या हनुवटीवर नाहीत. पण माझ्या डाव्या हातावर काय झालं होतं ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिलाच काय, सासूबाई आणि डॉक्टर सोडले तर कुणालाच नाही. आज इथे सांगते.

२०१९ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्याच्या चार दिवस आधीची रात्र. भिशीचा नंबर लागला होता, त्या पैशातून मी मशीन मागवलं होतं. घरात कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, केस वाळवायचं आहे. सगळे झोपल्यावर बाथरूममध्ये गेले, कडी लावली, आरशाजवळच्या प्लगात पिन घातली. सोबत एक पुस्तिका होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. त्यात सहा चौकोन छापलेले होते, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. मी ते चौकोन बघितले आणि पान उलटलं. कातडीचा रंग बघायला कुणी मशीन आणतं का, केस काढायला आणतं.

दोनच दिवस आधी देवपुरातल्या पार्लरमध्ये दोन्ही हातांचं वॅक्सिंग करून आले होते. मला वाटलं, हात आधीच साफ आहेत, आता फक्त 'कायमचं' करून टाकू. आणि हात कसे, तर एप्रिलभर गाडीवरून शाळेत जाऊन येऊन रापलेले. सनकोट दर वेळी घालवत नाही, धुळ्याचं ऊन धुळेकरांना सांगायला नको.

पाच पातळ्या होत्या. पाचवर ठेवलं. डाव्या हाताला मनगटापासून सुरुवात केली. प्रत्येक उजेडाला रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका. मी दात दाबून मोजत होते, चौदा वेळा. कोपरापाशी आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण वाटत होतं की दुखतंय म्हणजे लागू पडतंय. आपल्याला असंच शिकवलंय ना. थ्रेडिंगवाली म्हणते सहन कर, वॅक्सिंगवाली म्हणते श्वास सोड, कान टोचतानाही तेच.

सकाळी हातावर चौदा लाल चौकोन होते. स्टॅम्प पॅडवर बुडवून शिक्के मारावेत तसे, एका रांगेत. दोन ठिकाणी फोड आले. दोन दिवसांत ते चौकोन तपकिरी झाले आणि मी आखाजीला साक्रीकडे गावी गेले ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. त्या उन्हात.

आता आखाजीला आमच्याकडे काय असतं ते खानदेशातल्यांना माहीत आहे. मांडे. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर घेऊन झेलत झेलत वाढवायचा, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत, आणि मग अलगद तापलेल्या खापरावर टाकायचा. बाह्या वर केल्याशिवाय मांडा होत नाही. सासूबाई म्हणाल्या, बाही वर कर. मी म्हटलं, मी आमरसाचं बघते. त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच बाही सारली.

"हाई काय व्हयनं व?"

मी म्हटलं, चुलीचा चटका बसला.

त्यांनी हात उजेडात धरला, एकेक चौकोन बघितला आणि हळू आवाजात म्हणाल्या, चूल चौकोनी चटका देत नाही.

बस्स, एवढंच. ओरडल्या नाहीत. जावेला म्हणाल्या, मांडे तू कर, हिचा हात दुखावलाय. दुपारी मागच्या ओट्यावर कोरफडीचा गर लावता लावता त्यांनी मला सांगितलं की हनुवटीवरचे तीन-चार केस त्या लग्नापासून रोज पहाटे अंधारात, बोटांना चुलीतली राख लावून, उपटत आल्या होत्या. सासऱ्यांना कधी कळू दिलं नाही. चाळीस वर्षं. त्यांच्या हनुवटीवर केस आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

आज भाचीने दार लावलं तेव्हा मला तो ओटा आठवला. सासूबाईंची राख, माझी बाथरूमची कडी, आणि आता हिचं बंद दार. अरे, किती वर्षं आपण हे काम दार लावूनच करायचं? लपून केलं म्हणून तर मी भाजले! दिवसाउजेडी चार बायकांत बसून मशीन उघडलं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं, अगं ते सहा चौकोन बघ, शेवटच्यांवर फुली मारलीय.

आता त्या चौकोनांचं ऐका, कारण हे मला नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं आणि तेव्हा मी अक्षरशः संतापले. आयपीएल हे लेसर नसतंच. लेसरचा प्रकाश एकाच लहरीचा, याचा अनेक लहरींचा मिळून एक झगझगीत झोत. तो झोत काळा रंग शोधतो. केसात मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं, ते प्रकाश शोषतं, तापतं आणि ती उष्णता मुळापर्यंत जाते. म्हणून यात आधी केस रेझरने कापायचे असतात, म्हणजे मूळ आत राहतं. मी वॅक्स करून मूळच उपटून गेले होते. केस नाही, मूळ नाही, मग प्रकाशाला काळं काय सापडणार? माझी रापलेली कातडी. मेलॅनिन कातडीतही असतंच. सगळा तडाखा तिने घेतला.

कातडीचे ते सहा प्रकार फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ साली सुरू केलेल्या वर्गवारीतून आलेत. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारातले. घरगुती मशीन साधारण चौथ्यापर्यंत चालतं, त्यापुढे नको म्हणतात. म्हणजे माझ्यासारखी उन्हाने रापलेली बाई अगदी काठावर, आणि मी पातळी ठेवली पाच. डॉक्टर म्हणाले, सावळ्या कातडीसाठी दवाखान्यात वेगळं लेसर असतं, १०६४ नॅनोमीटरचं, ते वरच्या रंगाला फारसं न छेडता खोल जातं. पण तेसुद्धा माहितगाराच्या हातात.

काही मशीनमध्ये कातडीचा रंग ओळखणारा सेन्सर असतो, रंग जास्त गडद लागला तर उजेडच पडत नाही. माझ्या मशीनला तो नव्हता. विकताना कुणी विचारलं नाही की बाई तुझा रंग काय. जाहिरातीत कोण असते? दुधासारखी गोरी मुलगी, आधीच तुळतुळीत पाय, त्यावरून मशीन फिरवतेय. त्या पायावर काढायला केसच नाहीत! तक्रार केली तर उत्तर आलं, पुस्तिकेत लिहिलेलं आहे. असेल. मग खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा ना! गोरं व्हायची क्रीम विकताना आमचा सावळा रंग बरोबर दिसतो तुम्हाला, आणि भाजायची वेळ आली की आमचा रंग पुस्तिकेच्या कोपऱ्यातल्या फुलीत.

आणि 'कायमचं' हा शब्द. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनेही लेसरवाल्यांना केसांची 'कायमची घट' एवढंच म्हणू दिलंय. कायमचे केस जाणं हे फक्त इलेक्ट्रोलिसिसचं, एकेका मुळाशी सुई घालून करतात ते. घरगुती मशीन दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग अधूनमधून चालवतच राहावं लागतं, कारण सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, जे वाढीत असतात त्यांच्यावरच परिणाम होतो. थांबलात की हळूहळू परत येतात. हे सांगून विकलं असतं तर मी भिशी मोडली नसती.

बरं, माझी जाऊ म्हणेल माझं काय, म्हणून लिहिते. ती गव्हाळ, केस काळेभोर, तिने पातळी दोनवर सुरुवात केली, आधी पायावर एक उजेड मारून एक दिवस थांबली, आणि तिचे पायाचे केस खरंच निम्म्याने कमी झालेत. ज्यांना चालतं त्यांना चालतं, नाही कुठे म्हणतेय मी.

माझ्या यादीतल्या दोघी-तिघी आता लिहितील की केस काढायचेच कशाला, नैसर्गिक आहेत, राहू द्या. मैत्रिणींनो, तुमचं खरं आहे. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी 'मिशा' म्हणून हसतं तेव्हा तुम्ही तिथे नसता. आपल्याकडे बाळ बारा दिवसांचं होत नाही तोच डाळीच्या पिठाचा गोळा साय लावून त्याच्या कपाळावर, पाठीवर घासतात, लव जावी म्हणून. मुलगी असेल तर जरा जास्तच घासतात. मीही माझ्या लेकीला घासलंय. तिथून सुरू झालेलं पोरीने एकटीने थांबवायचं, ही अपेक्षा मला तरी करवत नाही. तिला काढायचे आहेत, काढू दे. थ्रेडिंग कर, रेझर फिरव, चेहऱ्याचा छोटा ट्रिमर घे. रेझरने केस जाड होतात हे खोटं आहे, टोक सपाट कापलं जातं म्हणून हाताला टोचतात, एवढंच.

पण हनुवटीवर ते मशीन नको म्हणून मी ओरडले, त्याला वेगळं कारण होतं, आणि ते मी तिला नीट सांगूच शकले नाही. चेहऱ्यावर, मानेवर, सावळ्या कातडीला, त्यातही हार्मोनची गडबड असेल तर, हा प्रकाश कधीकधी उलटा पडतो. केस जायच्या ऐवजी वाढतात. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. माझ्या हाताचे चौकोन लांब बाहीखाली गेले. तिने हनुवटीवर कुठली बाही घालायची?

तासाभराने मी दारावर थाप मारली. उघडलं तिने. मी काही बोलले नाही, गाऊनची बाही वर केली आणि डावा हात तिच्यासमोर धरला. चौदातले बारा पुसले गेलेत. मनगटाजवळचे दोन आहेत अजून, जिथे फोड आले होते तिथे. फिकट, पण उन्हाकडे धरले की कडा दिसतात. तिने बोटाने कडा चाचपली.

मग मी विचारलं, पाळी कधी आली होती?

गप्प बसली. मग म्हणाली, फेब्रुवारीत. त्याआधी? दिवाळीत. आईला सांगितलंस? नाही. का? "ती म्हणेल वजन कमी कर."

ताई, तू हे वाचशील आणि मला फोन करून ओरडशील, ओरड. पण पोरीने हे पाळीचं कुणालाच सांगितलं नाही, हनुवटीचं कुणालाच सांगितलं नाही, आणि खर्चाच्या पैशातून वाचवून मशीन मात्र मागवलं. मला सांगायची हिंमत नव्हती, आरसा धरायला बोलवायची तेवढी झाली. आणि मी काय केलं, प्लग ओढला.

पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा त्रास, असेलच असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण पाळी अशी लांबतेय, हनुवटीवर जाड केस येताहेत, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्त तपासणी, सोनोग्राफी. थायरॉइडही बघतात म्हणे. आत हार्मोन वाढलेले असले तर वरून कितीही उजेड मारा, नवीन केस येतच राहणार. उद्या सकाळी अकराचा नंबर लावलाय. ती हो म्हणाली, पण एका अटीवर, मी आत तिच्यासोबत बसायचं आणि ताईला संध्याकाळी सांगायचं. आता इथे लिहून ती अट मीच मोडली. हे लिहायच्या आधी तिला उठवून विचारलं होतं. झोपेतच म्हणाली, लिही, माझं नाव टाकू नको. नाही टाकलं.

सासूबाईंना मघाशी फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरीला इकडे घेऊन ये, मांडे करू. आणि मग जरा थांबून म्हणाल्या, तिला सांग, माझ्याही हनुवटीवर आहेत.

आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्यापैकी कुणी हे मशीन वापरलं असेल तर खाली लिहा. कातडी गोरी की सावळी, पातळी किती, आधी वॅक्स केलं होतं की रेझर, कुठे लावलं, काय झालं. चांगलं झालं असेल तर तेही लिहा. नाव दिसायला नको असेल तर मला इनबॉक्समध्ये पाठवा, मी नाव काढून टाकेन. भाची उठली की तिला वाचायला देणार आहे.