साहेबांना ताटकळत ठेवू नका

तर फोन येणार. दुपारी, जेवण उरकून पंख्याखाली जरा आडवं झालात की. अनोळखी नंबर असला तरी उचलायचाच, न उचलून कसं चालेल. पलीकडे एक मॅडम असतील, हिंदीत बोलतील, मैं दिल्ली एअरपोर्ट कस्टम से बोल रही हूँ, आपके नाम का पार्सल आया है लंडन से. इथे आपण लंडनहून काही मागवलंय का असला फालतू विचार करत बसायचं नाही. लंडन आहे ते, पाठवलं असेल कुणीतरी. सख्खा भाऊ दिवाळीला चकलीचा डबा पाठवत नाही ते सोडा, पण फेसबुकवर तीन आठवड्यांपूर्वी ओळख झालेली ती लंडनची नर्स, जिने रोज सकाळी 'डिअर, जेवलास का' विचारलं, ती आयफोन, सोन्याचं घड्याळ आणि खोक्याच्या तळाशी चाळीस हजार पाउंड रोख घालून पाठवणारच की. पाउंड बँकेतूनही पाठवता येतात म्हणे. पण मायेची माणसं खोक्यातूनच पाठवतात.

आता स्कॅनरमध्ये ते पाउंड दिसले आणि पार्सल अडकलं. ड्युटी फक्त २३,५०० रुपये. चाळीस हजार पाउंडांपुढे २३,५०० म्हणजे किस झाड की पत्ती, लगेच भरून टाका.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी भरले. काका म्हणजे ३२ वर्षं सरकारी नोकरी, स्वतःच्या टेबलावर चलनाशिवाय एक रुपया घेतला नाही कधी, आलेल्या माणसाला तीन प्रती काढायला लावून परत पाठवणारे. त्यांनी कस्टम ड्युटी कुठे भरली, तर कुणा एका बाईच्या सेव्हिंग खात्यात, ब्रँच पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं अहो काका, कस्टम म्हणजे भारत सरकार, भारत सरकारचं सेव्हिंग खातं कसं असेल? म्हणाले, अकाउंटंट असेल ती तिथली. मग व्हॉट्सॲपवर आलेली पावती दाखवली, वर अशोकस्तंभ, खाली निळा गोल शिक्का, जरा तिरका पडलेला. त्या तिरक्या शिक्क्यानेच घात केला, कारण खऱ्या ऑफिसात शिक्का कधीच सरळ पडत नाही हे काकांना ३२ वर्षांच्या अनुभवाने माहीत.

खरी पद्धत फार रटाळ असते म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका. परदेशातून टपालाने काही आलं तर फॉरेन पोस्ट ऑफिसात कस्टमवाले ते तपासतात, ड्युटी लावतात आणि आपला नेहमीचा पोस्टमन पार्सल दारात आणून पैसे घेतो, पावती देतो. कुरियरने आलं तर ड्युटीचं कुरियर कंपनी बघते आणि आपल्याकडून घेते, तिचा ट्रॅकिंग नंबर आपण स्वतः तिच्या साइटवर टाकून बघू शकतो (त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नाही, स्वतः उघडलेल्या साइटवर, पण तुम्ही कशाला एवढी बोटं झिजवता). शिवाय नोव्हेंबर २०१९ पासून कस्टमच्या पत्रांवर डीआयएन नावाचा नंबर टाकायची पद्धत आहे, तो सीमाशुल्क मंडळाच्या साइटवर टाकला की पत्र खरं का खोटं ते कळतं. पण मॅडम होल्डवर असताना आपण नंबर तपासत बसायचं म्हणजे संस्कार कुठे गेले?

आणि एक गंमत सांगतो, ही मात्र काकांना सांगवली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने परदेशातून पोस्टाने किंवा कुरियरने 'गिफ्ट' म्हणून ड्युटी न भरता वस्तू आणायची सोय बंद केली, अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा नाही, नुसती राखी. म्हणजे लंडनच्या त्या नर्सबाईंना काकांकडे ड्युटी न लागता काही पाठवायचं झालं असतं तर औषधं सोडून एक राखीच होती, आणि ती आली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

असो. ड्युटी भरली की दुसऱ्या दिवशी मॅडमचे सीनियर बोलतात. सीनियर नेहमी पुरुष असतो आणि आवाज चढवून बोलतो. पाउंडांचे रुपये करायचे ४८,०००. मग मनी लाँडरिंग नसल्याचं सर्टिफिकेट, त्याचे वेगळे. रिफंडेबल बरं का सगळं. इथे तुम्ही आपला जुना मराठी मंत्र म्हणायचा, 'जाऊ दे, देऊन मिटवून टाकू.' आपण लायसन्स मिटवतो, बांधकामाची परवानगी मिटवतो, हवालदार मिटवतो, मग कस्टमनेच काय घोडं मारलंय? समोरच्याला आपली ही सवय आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. साहेब चिडले, थोडे देऊन गप्प बसवू, आणि मुख्य म्हणजे घरी कळू द्यायचं नाही. काकूंना कळू द्यायचं नाही म्हणून काका चार वेळा गच्चीवर जाऊन बोलले, चारही वेळा पैसे गेले. खालीच हॉलमध्ये स्पीकरवर बोलले असते तर पहिल्याच फोनला काकूंनी त्या मॅडमना लंडनला पाठवलं असतं, खोक्यातून.

तुमची लंडनची ओळख नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासाठी एसएमएस आहे. पोस्टाच्या नावाने येतो, पार्सल गोडाऊनला आलंय, पत्ता अपुरा आहे, २४ तासांत लिंकवर दुरुस्त करा, चार्ज फक्त २५ रुपये. पंचवीस रुपयात तर हल्ली धड वडापाव येत नाही, तेव्हा कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी बिनधास्त टाका, २५ रुपयांसाठी कोण कशाला फसवेल. 

आणि तिसरा प्रकार जरा शूर लोकांसाठी. यात पार्सल येत नाही, जातं. तुमच्या आधारवर मुंबईहून तैवानला पार्सल निघालंय, आत पाच पासपोर्ट आणि ड्रग्ज सापडलेत. लगेच व्हिडिओ कॉल, मागे पोलीस ठाण्याचा पडदा, आणि तुम्ही 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे आपल्याच घरात कॅमेऱ्यासमोर अटकेत. असं काही कायद्यात नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं, अमिताभ बच्चन तर कित्येक महिने आपला फोन लागायच्या आधी आपल्याला सावध करत होते आणि आपण त्यांना शिव्या घालत होतो की बाबा थांब आता, अर्जंट फोन लावायचाय.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा असतो, तिथून बँकांना कळवून पैसे वाटेतच अडवायचा प्रयत्न होतो, जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात. म्हणून तुम्ही किमान आठवडाभर थांबा. आधी पंचांग बघा, मग भाच्याला विचारा जो 'आयटीत आहे', मग अब्रूचा विचार करा. काकांनी नऊ दिवस केला.

परवा जिन्यात भेटले, चेहरा एकदम खुललेला. म्हणाले अरे, पैसे परत मिळतायत, दिल्लीहून सायबर रिफंड विभागाचा फोन होता, पूर्ण केस त्यांच्याकडे आहे, रक्कम बरोब्बर सांगितली त्यांनी. फक्त फाइल उघडायचे ९,९९९ भरायचेत. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "यात जीएसटी धरलेला असतो का रे?"