अनुदान हमखास हुकवण्याची रीत

रात्री पावणेअकराला फोन. ‘उद्या लास्ट डेट हाय. सगळं रेडी हाय, फक्त तेवढं १२ए काढायचं ऱ्हायलंय. बसवून द्या की.’

१२ए म्हणजे संस्थेची आयकर सवलतीची नोंदणी, आणि म्हणे फक्त तेवढं! म्हणजे हॉल ठरला, आचारी ठरला, पत्रिका वाटून झाल्या, फक्त तेवढी मुलगी बघायची राहिली.

या आठवड्यातला हा तिसरा. आपल्या तालीम मंडळांना, शाळांना, युवक संस्थांना अनुदान मिळवायचं नसतंच मुळी. ते हुकवायचं असतं आणि मग कट्ट्यावर बसून ‘आपला वशिला नव्हता’ म्हणायचं असतं. हरकत नाही. कोल्हापूरकर जे करतो ते जगात भारी करतो, मग हुकवायचंही अर्धवट कशाला? रीतसर हुकवा.

सुरुवात सीएसआरपासून, म्हणजे कंपन्यांना कायद्यानं समाजकामावर करावा लागणाऱ्या खर्चापासून करू. तो कायदा चुकूनही वाचू नका. वाचलात तर कळेल की आदल्या वर्षी कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी भरलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के तिला समाजकामावर खर्चावे लागतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कारखाने यात येतात ते बहुधा तिसऱ्या निकषावर. आता पाच कोटींचे दोन टक्के म्हणजे दहा लाख. वर्षाचे सगळे मिळून दहा लाख, आणि दारात तुमच्यासारख्या पन्नास संस्था. म्हणून तुम्ही तिथं ७५ लाखांच्या बहुउद्देशीय सभागृहाचा प्रस्ताव द्या. लिफ्टसह.

खर्चायची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर कंपनीला सीएसआर समितीसुद्धा नेमावी लागत नाही, संचालकच ठरवतात. म्हणजे दोन पानांचा नेमका कागद थेट मालकाच्या टेबलावर जाऊ शकतो. हे विसरा. ऐंशी पानांची स्पायरल फाइल करा आणि वॉचमनकडे देऊन या. वर्ष संपलं की न खर्चलेले पैसे एक तर वेगळ्या खात्यात नाहीतर सरकारी निधीत भरावे लागतात, म्हणून फेब्रुवारीत कंपन्यांची माणसं ‘कागदं पूर्ण असलेली संस्था आहे का’ म्हणून विचारत फिरतात. तेव्हा तुम्ही शाहू स्टेडियमवर असा. फोन सायलेंट.

त्यांना त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्याकडे एकवीस फुटी गणपतीचा तीस वर्षांचा आहे. तोच जोडा.

आता मुख्य विद्या: मयत विश्वस्त जपणे.

संस्था १९८७ ची. सात जणांनी सह्या केल्या, कारण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सातच लागतात. त्यातले तिघं वारले. एक मुलाकडे पुण्याला. एकाशी २००४ पासून बोलणं बंद. उरले दोघं, अध्यक्ष आणि सचिव, तेही एकमेकांचे मेहुणे. धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल वनवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, मात्र सातही जण ठणठणीत आहेत. दरवर्षी वर्धापनदिनी वारलेल्यांच्या फोटोला हार घालता, दोन मिनिटं उभं राहता, आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, तेवढा देत नाही. बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. वकील नाही म्हटलं तरी दोन बैठकांत बसवतो. तुम्ही नव्वद दिवस सोडा, वीस वर्षं थांबता. मग विलंब माफीचा अर्ज आला. शिवाय अर्ज एक नाही, जितक्या कार्यकारिण्या बदलल्या तितके, कारण आधीचा बदल मंजूर झाल्याशिवाय पुढचा कशाच्या आधारावर मंजूर करायचा?

आणि ही साखळी तिथंच थांबत नाही. शेड्यूल वनवर नाव नाही म्हणून बँक सही बदलून देत नाही. सही बदलली नाही म्हणून खातं वारलेल्या खजिनदाराच्या नावानं चालतं, म्हणजे चालतच नाही. दर्पण या सरकारी संस्था-नोंदणी पोर्टलला पदाधिकाऱ्यांचे पॅन लागतात. स्वर्गातून ओटीपी येत नाही. सीएसआर-१, म्हणजे सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेचा नोंदणी फॉर्म, भरायला विश्वस्तांची माहिती, अधिकृत माणसाची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणपत्र. तिथं यादी जुळली नाही की नंबर नाही, आणि नंबर नाही तर २०२१ पासून कंपनी तुम्हाला सीएसआरचा रुपया देऊ शकत नाही. तिची इच्छा असली तरी.

मग एका रात्रीत प्रोसिडिंग, म्हणजे सभांचं इतिवृत्त, लिहायला बसता. २०११ ते २०२४, एकच पेन, एकच अक्षर, एकच शाई. त्यात ६ ऑगस्ट २०१९ ची सभा शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या हॉलमध्ये ‘सर्व सदस्यांच्या उपस्थितीत खेळीमेळीत संपन्न’. सहा ऑगस्ट! महापुराच्या त्या दिवशी कुंभार गल्लीत काय होतं ते अख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. खेळीमेळीत म्हणे. होडीतून आला होता काय सगळे? आणि खाली सही त्याची, जो त्याच्या आदल्या वर्षीच गेला. आणि हीच मंडळी नंतर सांगतात, ऑफिसवाले अडवतात. अडवतात, खोटं नाही, तारखांवर तारखा पडतात. पण अर्जच दिला नाही तर ते अडवणार काय, कपाळ?

असो. उपरोध करायचा होता.

आमदारांचं शिफारसपत्र जोडा. कंपनीला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि आमदार-खासदार निधीतून टिकाऊ बांधकाम होतं, बालवाडीच्या ताईंचा पगार होत नाही. तरी जोडा, पत्रावर सिंह छान दिसतो.

१२ए आणि ८०जीचं (देणगीदाराला करसवलत देणारं) प्रमाणपत्र लॅमिनेट करून, फ्रेम करून, ट्रॉफ्यांच्या वर लावा. इतकं वर की त्यावरची मुदत वाचता येऊ नये. काम सुरू व्हायच्या आधी काढलेलं पहिलं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, तीन वर्षांचं. नियमित नोंदणीचा अर्ज ती मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू केल्यापासून सहा महिन्यांत, यांत जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. फ्रेममध्ये असताना कसं कळणार?

संस्थेचं नाव इंग्रजीत शक्य तितक्या प्रकारे लिहा. नोंदणीवर ‘मंडळ’च्या शेवटी ‘ए’ असावा, पॅनवर नसावा, बँकेत ‘तालीम’ला दोन ‘ई’ असाव्यात. पोर्टलचं मशीन आहे ते, मंगळवार पेठेतलं नाही. त्याला ‘तीच हो ती संस्था’ कळत नाही.

देणगी रोख घ्या. दोन हजारांवर रोख दिली तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही. त्याला कळेल तेव्हा कळेल. देणगीदारांची यादी पॅनसह ३१ मेपर्यंत आयकर खात्याला भरायची असते, उशिराला दिवसाला २०० रुपये. ती भरू नका, म्हणजे पुढच्या वर्षी देणगीदार आणि तुम्ही एकत्रच सीएकडे जाल. ओळख वाढते.

प्रस्ताव मोबाइलकडून लिहून घ्या आणि न वाचता पाठवा. गगनबावड्याच्या शाळेला ‘किनारपट्टीवरील मच्छीमार बांधवांच्या पाल्यांसाठी’ निधी मागितलात तर वाचणाराही खूश होतो. त्याचाही दिवस कंटाळवाणा असतो.

अंदाजपत्रकात ‘इतर किरकोळ’ ५०,००० धरा. मुलं किती, आठवड्याला तास किती, एका मुलामागे खर्च किती, हे लिहू नका. तीन कोटेशनं लागतात ना, तीनही एकाच दुकानातून घ्या. तीन लेटरहेड, तीन नावं, पण तिन्हींत ‘प्रोजेक्टर’ची तीच चूक, आणि आकडे ४८,०००, ४८,५००, ४९,०००. तपासणाऱ्याला डोळे नसतात.

इथं देणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण ते काही साधू नाहीत. शंभर टॅब घ्यायला पैसे देतील, पण टॅब लावून शिकवणारी बाई? ‘पगार पाच टक्क्यांत बसवा.’ हे पाच टक्के आले कुठून? सीएसआर नियमांत मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. ठरावीक प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात धरतच नाहीत, कंपनी व्यवहार मंत्रालयानं तसा खुलासाही केलेला आहे. तरी तोच नियम उलटा करून संस्थेच्या डोक्यावर. आणि वर्षाच्या शेवटी पाच लाखांतले १८० रुपये उरले तर त्यावर चार मेल. (उरले तर उरले म्हणून लिहा आणि लेखी विचारून परत करा. १८० रुपयांचं खोटं झेरॉक्सचं बिल जोडू नका. पुढचा हप्ता हमखास तिथंच अडकतो.)

शाळांचं वेगळं. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून पटावर संयुक्त अनुदान ठरलेलं: ३० पटापर्यंत १०,०००, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि पुढं एक लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. पंचवीस पटाच्या शाळेला म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. खडू, झाडू, वीजबिल, गळकं छप्पर सगळं त्यात. याच्यावर उपरोध सुचत नाही. पण तेही वर्षअखेरीला येतात आणि ३१ मार्चला खात्यातून परत जातात हे दरवर्षी माहीत असून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि कोटेशनं डिसेंबरातच तयार ठेवायची नाहीत, ही मात्र आपली कला. आणि कंपनीनं दिलेला प्रोजेक्टर डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीत, चढवू नका. केबिनमधल्या कपाटात ठेवा. पाहणीला माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोरच थर्मोकोल काढा.

दुबईतला मित्र पैसे पाठवतोय आणि अमेरिकेतला मामाही? दोघांचे एकाच खात्यात घ्या. मित्राचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे, बँकेतून आलेले असतील, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. मामानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डवाला असला तरी परदेशी. एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं असल्याशिवाय त्याचा रुपया घेणं गुन्हा आहे. पण मामाला वाईट वाटेल, घ्या.

शेवटी प्रस्तावाचं पहिलं पान. ते सगळ्यांचं एकच असतं: ‘राजर्षी शाहू महाराजांच्या पावन भूमीत...’ १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, सगळं येतं. दुसऱ्या पानावर ‘लाभार्थी संख्या’समोर लिहिलेलं असतं, ‘अंदाजे बरेच’.

अंदाजे बरेच! अहो, संध्याकाळी तुमच्या अभ्यासिकेत मुलं बसतात ती मोजायला किती वेळ लागतो? त्या १९१७ च्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. संस्थाचालकाला दंड ठेवला नाही, कारण तुमची कल्पनाच महाराजांनी केली नसावी. पुराच्या वेळी हीच पोरं तुमच्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरली. त्यांना बसायला सतरंजी आणि वाचायला दिवा हवाय, तेवढ्याचे पैसे या जिल्ह्यातच आहेत, आणि ते दरवर्षी दुसरीकडे जातात. वशिल्यानं नाही. तिकडच्या संस्थेत एक बाई दर शनिवारी दोन तास बसून फाइल लावते म्हणून. तुमच्याकडं मिरवणुकीच्या साउंडला माणूस आहे, ट्रॅक्टरला माणूस आहे, फ्लेक्सवरचे फोटो मोजायला चार माणसं आहेत. फाइलला एक नाही. लाज कशाची वाटायची, याचा एकदा विचार करा.

सोमवारी शेड्यूल वनची नक्कल काढा. वारलेल्यांच्या नावावर खूण करा आणि दाखले गोळा करायला लागा. तीन वर्षांचे ऑडिट एका जागी ठेवा. मुलांचं हजेरी रजिस्टर आजपासून घाला, तारखेसह, रोजच्या रोज, एका रात्रीत नव्हे. छप्पर दुरुस्त करायच्या आधी त्याचा फोटो काढा. नंतर ‘आधीचा’ फोटो मिळत नाही.

आणि ती फ्रेम भिंतीवरून खाली उतरवा. तारीख वाचा. आत्ता. मी फोनवर थांबलोय.