वाळू द्या

घरच्या घरी, कमी खर्चात, सगळ्यांनी मिळून करायच्या हस्तकलांच्या कृती मी हल्ली शेवटून वाचतो. साहित्य कुणीही जमवतं. घडी घालणं, कातरणं, चिकटवणं हेही होऊन जातं. खरी मेख शेवटच्या ओळीत असते. तिथे लेखकाने जाता जाता दोन शब्द टाकलेले असतात : 'वाळू द्या.' कुठे वाळू द्या, किती वेळ, आणि तोवर घरातल्या माणसांनी जेवायचं कुठे, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्याचं काम झालेलं असतं. आपलं तिथून सुरू होतं.

आमच्या घरात या प्रकाराचा शिरकाव कागदी वाडग्याने झाला. कृती सोपी. फुगा फुगवायचा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून त्यावर चिकटवायच्या, वाळल्यावर फुगा फोडायचा, अर्धगोल कापला की वाडगा तयार. पट्ट्या कात्रीने कापायच्या नसतात, हाताने फाडायच्या असतात. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि सांधा दिसत नाही. शिवाय वर्तमानपत्र एका दिशेला सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेला वाटेल तसं, कारण गिरणीत कागद तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या दिशेने आडवे होतात. ही माहिती मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती ऐकायला कुणी थांबलं नाही. पट्ट्या फाडून झाल्याच होत्या.

थोड्या वेळाने आबा पेपर शोधत आले. तो आजचा होता.

आबा चिडले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि फुग्यावरचा पेपर वाचायला घेतला. बातमी गोलाईवरून मागे गेली की तेही टेबलाला वळसा घालून मागे जायचे. अग्रलेख तळाशी होता, तो त्यांनी वाकून वाचला. इतकं सगळं छान चाललं असताना थोरल्याने दुसरा थर द्यायला घेतला आणि संपादकांचं मत कायमचं झाकलं गेलं. "निष्कर्ष राहिला रे," एवढंच आबा म्हणाले.

आता थरांचं गणित. एक थर नीट वाळायला हवा कोरडी असली तरी एखादा दिवस सहज जातो, आणि वाडगा हातात धरण्याजोगा व्हायला तीन-चार थर तरी लागतात. घाई करून सगळे थर एकदम चढवले तर वरून खडखडीत वाळतं, आत ओल राहते आणि बुरशी धरते. थांबावं, तर फुगा थांबत नाही. त्यातली हवा हळूहळू निसटतच असते. त्यात रात्री गारवा आला की आतली हवा आकसते, फुगा लहान होतो आणि ओल्या कागदाचा आधारच जातो. सकाळी आमच्या वाडग्याचे गाल बसलेले होते. बायको त्याला न्याहाळत म्हणाली, "हा आणखी किती दिवस मुक्कामाला आहे?" जेवणाच्या टेबलावर पाहुणे होते म्हणून आम्ही यजमान मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

वाळण्याला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे धाकटी. "वाळलं का?" असं विचारत ती दर थोड्या वेळाने बोट लावून बघते. आमच्या घरातल्या प्रत्येक कलाकृतीवर तिच्या बोटाचा एक खळगा आहे. पुढेमागे खरे-खोटे ओळखायची वेळ आली तर त्याचा उपयोग होईल.

मग मिठाच्या पिठाचा डायनासोर झाला. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. आईने ते प्रमाण ऐकलं आणि उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. या पिठाचं दुखणं असं, की वरचा भाग आधी वाळून आकसतो, आतला ओलाच असतो, आणि या ओढाताणीत तडे जातात. डायनासोरची मान त्यात गेली. उरलेलं धड मात्र दगडासारखं झालं. आम्ही निःश्वास टाकला. पण मीठ हवेतली ओल शोषून घेतं हे आम्ही विसरलो, तरी मीठ विसरलं नाही. पहिल्या दमट हवेला डायनासोरला घाम फुटला आणि तो फळीवर हळूहळू बसू लागला. म्हणजे वाळलेलं वाळलेलंच राहील, याचीही हमी नाही!

पांढऱ्या गोंदाला मी नावं ठेवणार नाही. तो निदान प्रामाणिक आहे. पांढरा दिसतोय तोवर ओला, पारदर्शक झाला की वाळला. धाकटीचा हिशेब वेगळा आहे. पारदर्शक झाला म्हणजे संपला, आणखी ओता.

ही सगळी वाट बघून कंटाळलेल्या थोरल्याने झटपट चिकटणारा डिंक आणला. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हा पदार्थ हाती लागला, पण दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. १९५८ साली नेमका त्याच गुणावर तो बाजारात आला. हा वाळून चिकटत नाही. जरा ओलसरपणा मिळाला की घट्ट होतो, आणि बोटांवर तो असतोच. मी पेन्सिल स्टँड नुसता धरून ठेवला होता. नंतर बराच वेळ आम्ही सोबत होतो. बायकोने नखांचा रंग पुसायचं द्रव लावून आमची फारकत केली, आणि ते करताना ती जितकी हसली तितकं हसायची गरज नव्हती.

चमकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवण काढली तरी ती येते. ती स्थिर विजेने चिकटते, त्यामुळे गोंद लावलेली जागा सोडून सगळीकडे बसते. सूक्ष्म प्लास्टिक पसरतं म्हणून युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले. आमच्या साहेबांना माझ्या भुवईत चमचमताना दिसलं, त्यांनी कसलेच निर्बंध घातले नाहीत. फक्त बैठकभर तिकडेच बघत राहिले.

शेवटी धाकटीने अजिबात वाळवावं न लागणारा प्रकार शोधून काढला : मोज्याचं बाहुलं. मोजा हातात घालायचा, डोळ्यांच्या जागी दोन बटणं शिवायची, बोटांनी तोंड उघडमिट करायचं. खळ नाही, पीठ नाही, टेबल मोकळं. घरात क्वचित होतं तसं एकमत झालं. माझे ठेवणीतले फाटके मोजे मी उदारपणे पुढे केले, ते नापास झाले. भोकातून बोट बाहेर येतं आणि बाहुल्याला शिंग फुटल्यासारखं दिसतं म्हणे. चांगल्या जोड्यांतला एकेक मोजा गेला. बटणंही कुठून आली ते मला दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना कळलं.

मी आईकडे बघितलं. सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "गळ्याचं बटण तू लावतोस कधी?"