नीट

पॅचमध्ये, म्हणजे कोडच्या दुरुस्तीत, बदल एका चिन्हाचा. अ‍ॅरेला घरं १६ आणि लूप १७वं वाचत होता, म्हणून ‘लहान किंवा बरोबर’मधलं ‘बरोबर’ उडवलं. सांगलीच्या ग्राहकाचा पंप कंट्रोलर त्यामुळेच अधूनमधून बसत होता. पॅचवर शेरे आले अकरा. त्या चिन्हाबद्दल एकही नाही.

आमचे सर प्रत्येक शेऱ्याआधी ‘निट’ लिहितात. इंग्रजीत निट म्हणजे लीख, कोडच्या तपासणीत बारीकशी खोट. मी सहा महिने ते ‘नीट’ असं वाचून मुकाट्याने नीट करत होतो. अर्थ कळल्यावर जास्त लागलं. आजी फणी घेऊन बसायची तेव्हा निदान डोकं खाजत तरी असायचं.

काल सर खुर्ची ओढून शेजारीच बसले. “व्हेरिएबल्स उलट्या ख्रिसमस ट्रीत लाव.” म्हणजे व्हेरिएबल्सच्या, माहिती ठेवायच्या नावांच्या, ओळींपैकी सगळ्यात लांब वर, आखूड खाली. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्किंगच्या कोडात हा नियम खरंच आहे. आमच्या पंपाला नेटवर्कची वायरसुद्धा नाही.

“सर, लांबीची ओळ मोठी आहे, पण लांबी काढायची ‘फ्रेम’ या दुसऱ्या व्हेरिएबलवरून. ती वर नेली तर फ्रेम जन्मायच्या आधीच तिला मोजायचं?”

“मग नुसतं डिक्लेअर कर, व्हॅल्यू खाली दे.”

“ओळी वाढतील.”

“वाढू दे की.” त्यांनी खिशातून सहा इंची पट्टी काढून स्क्रीनला तिरकी लावली. “जरा मागे सरक. डोळे बारीक कर. दिसतंय झाड?”

“दीपमाळ दिसतेय, सर. उलटी.”

सरांनी विचार केला. “दीपमाळ चालेल.”

एवढ्यात पलीकडच्या टीमचे दुसरे सर आले. इफच्या अटीखाली एकच ओळ असली तरी महिरपी कंस हवेत म्हणाले. कंस नसल्यामुळे २०१४ साली अ‍ॅपलची फजिती झाली होती: ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली आणि एसएसएलमधली, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीतली, सहीची तपासणीच टळली. आमचे सर म्हणाले, कर्नलमध्ये एका ओळीला कंस घालत नाहीत. मग माझ्या तीन ओळींच्या मांडवात दोन व्याह्यांचं मानपान सुरू झालं. मी कंस घातले, काढले, परत घातले. कंसांचं हे काम क्लॅंग-फॉरमॅट हे कोड मांडणारं टूल एका झटक्यात करतं. पण ते लावायचं नाही, कारण सरांच्या मते टूलला चव नसते. आणि माझ्या संध्याकाळी फुकटच्या, नाही का?

आज सकाळी सहावी आवृत्ती पाठवली. तिकडे सांगलीचा माणूस रोज बटण बंद-चालू करून पंप जागा करतोय. दुपारी सरांचा शेरा आला: ‘निट: मथळ्याच्या शेवटी पूर्णविराम नको.’

काढला